तुमच्या बाबांचा पुढचा दात

बाळांनो,

थोरल्याची ई-मेल वाचली. फुटबॉल खेळताना दाताचा टवका उडाला, अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सांगितलेला आकडा ऐकून दुखणं दुप्पट झालं, आणि आता तो विचारतो आहे, "आजी, मी पनवेलला येऊन करून घेऊ का?" आपल्या घरात हा प्रश्न नवा नाही. तुझ्या आधी एक माणूस एका दातासाठी अर्धी पृथ्वी ओलांडून पनवेलला आला होता. ते तुमचे बाबा. तेव्हा तू पाच वर्षांचा होतास आणि धाकटी तीनची. तुम्हाला त्या सुट्टीतले आंबे आणि शेजारची मांजर एवढंच आठवतं, म्हणून बाकीचं मी लिहिते. बाबांची आई, म्हणजे आपट्याची आजी, आता नाही, आणि बाबांची परवानगी मी फोनवर घेतली आहे. "लिहा आई, फक्त कुठला दात ते लिहू नका," एवढी एकच अट त्यांनी घातली. ती मला पाळता येणार नाही. वरचा, समोरचा, डावा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शाळेत इंग्रजी शिकवणं संपवून मला दोन वर्षं झाली होती. रविवारी सकाळी तुमच्या आईचा फोन यायचा, तसा एका रविवारी आला.

"आई, ह्याचा दात गेला."

"कुठे गेला?"

"गेला नाही अजून. जायच्या बेतात आहे. वरची कॅप हलते, आतून ठणकतं. इथले डॉक्टर म्हणतात काढून टाकू आणि हाडात स्क्रू बसवू."

मग तिने त्या स्क्रूची किंमत सांगितली. तुमचे आजोबा शेजारी पेपर वाचत होते. ती मी त्यांना सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "एका दाताची की कुटुंबाची?" मी म्हटलं, विमा असतो ना तिकडे. त्यावर तुमची आई म्हणाली की विमा आहे, डोक्यापासून पायापर्यंत आहे, पण दात त्यात येत नाहीत. दात शरीरात धरत नाहीत असा देश मला तेव्हा पहिल्यांदा कळला.

खरी अडचण पैशांची नव्हतीच. तुमच्या बाबांना नोकरीत वरची जागा मिळण्याचं घाटत होतं, आणि त्यासाठी सुट्टीहून परतल्याच्या सोमवारी कंपनीतल्या सगळ्या साहेबांसमोर तासभर उभं राहून बोलायचं होतं. बोलता बोलता कॅप टेबलावर पडली तर काय, या भीतीने ते आधीच तोंडावर हात धरून बोलायला लागले होते, असं तुमची आई म्हणाली. सुट्टी तीन आठवड्यांची. तेवढ्यात दात झाला तर झाला, नाहीतर समोर खिंडार घेऊन साहेबांपुढे उभं राहायचं.

मी म्हटलं, या. त्या वर्षी नेमका अधिक महिना होता. अधिकात जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालतात, तेहतीस अनारशांचं वाण देतात. एरवी अमेरिकेतल्या जावयाचे अनारसे पार्सलने पाठवून त्याचा चुरा करायची वेळ आमच्यावर आली असती. आता जावई स्वतः येत होता. फक्त त्याला चावता येत नव्हतं.

ते आले. दुसऱ्या दिवशी चहा घेताना मी सांगितलं की आपल्या गावातल्या दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून ठेवला आहे. हा डॉक्टर माझा विद्यार्थी. आठवीत असताना स्पेलिंगसाठी मी त्याला बाकावर उभं केलं होतं आणि आता तो मला खुर्चीत आडवं करतो, त्यामुळे आमचा हिशेब फिटलेला आहे. त्याच्या वडिलांचाच दवाखाना तो चालवत होता.

तुमच्या बाबांनी कप खाली ठेवला. "आई, आपण दादरला कुणाला दाखवलं तर?"

"का?"

"किंवा पुण्याला. पुण्याला चांगले आहेत म्हणे."

"पनवेलला वाईट आहेत असं कुणी सांगितलं?"

"तसं नाही."

"मग कसं?"

त्यांनी तुमच्या आईकडे बघितलं. तुमच्या आईने खिडकीबाहेर बघितलं. मला वाटलं, झाली सुरुवात. चार वर्षं तिकडे राहिलं की पनवेलच्या डॉक्टरने हात धुतले असतील का, अशी शंका येते माणसाला. मला राग आला आणि राग आला की मी फार नम्रपणे बोलते. म्हटलं, "जावईबापू, नंबर दहाचा आहे. रिक्षा सांगितली आहे."

दवाखाना फरसाणाच्या दुकानावर होता. जिना चढताना खालून गाठीशेवेचा वास यायचा आणि वरून लवंगेच्या तेलाचा. वर बाकं आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर मिठाईचे रिकामे खोके एकावर एक रचलेले, आणि त्यांत लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे ठसे. प्रत्येक खोक्यावर गावाचं नाव. उरण, चिरनेर, आपटा, कामोठे. दुसऱ्या भिंतीला वह्या, त्यांच्यावरही गावंच. ही पद्धत डॉक्टरच्या वडिलांची. आसपासच्या एकेका गावात निम्म्या लोकांचं आडनाव एकच, त्यात आजोबाचं नाव नातवाला, सुनेचं नाव लग्नात बदललेलं. नावाने शोधायला गेलं तर एकाच नावाची नऊ माणसं निघत. म्हणून त्यांनी गावावरून वह्या घातल्या. गाव, मग घर, मग माणूस, मग दात. बाहेरच्यांना हसू यायचं, पण दोन मिनिटांत कागद सापडायचा. आमच्या शाळेच्या कचेरीत दाखला सापडायला दोन दिवस लागत.

डॉक्टरने तुमच्या बाबांना खुर्चीत बसवलं आणि पेन उघडलं.

"गाव?"

बाबा भिंतीवरच्या वह्यांकडे बघायला लागले. मी म्हटलं, "अरे, अमेरिकेत असतात ते."

"तसं गाव नाही माझ्याकडे, बाई."

"मग घाल नवीन."

त्याने खरंच नवी वही काढली आणि तिच्यावर निळ्या शाईत 'अमेरिका' लिहिलं. चिरनेरच्या शेजारी तो देश फळीवर चढला. तुमच्या बाबांनी त्यावर काही म्हटलं नाही. मला वाटलं, तोंड उघडं असल्यामुळे बोलता येत नसेल.

एक्स-रे काढला. डॉक्टरने तो ओलाच खिडकीपाशी धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. दाताच्या मुळाच्या टोकाशी मसुराच्या डाळीएवढा काळा डाग होता.

"हा डाग कधीपासून आहे?"

"माहीत नाही," तुमचे बाबा म्हणाले.

"रूट कॅनल कुठे केलंत?"

"तिकडेच झालं असेल."

"असेल म्हणजे? दात तुमचाच आहे ना?"

मग त्याने मला समजावून सांगितलं, मी एका वेळी समजले नाही म्हणून दोन वेळा सांगितलं. असा डाग दोन प्रकारचा असतो. कधी तो जुना, भरून आलेल्या जखमेच्या वणासारखा, आहे तेवढाच राहतो. तसा असेल तर मुळाला हातही लावायचा नाही, फक्त वरची कॅप नवी करायची, आठवड्याभराचं काम. पण डाग वाढत असेल तर आत पू आहे, दात काढावाच लागेल, जखम भरायला काही महिने आणि तोवर खिंडार. आणि जुना की वाढता हे एका फोटोवरून सांगता येत नाही. आधीचा फोटो शेजारी धरावा लागतो.

"बाई, मला जुनी फिल्म आणून द्या. त्याशिवाय मी हात लावणार नाही."

आता अमेरिकेतून कागद मागवणं आलं. उरण नाक्यावर एसटीडी-आयएसडीचं दुकान होतं, तिथे फॅक्सचं यंत्रही होतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या कचेरीतली बाई फोनवर म्हणाली, पेशंटने सही करून लेखी मागणी करावी, कागद हा पेशंटचा हक्क आहे. ऐकून मला फार बरं वाटलं. आमच्याकडे पेशंटने कागद मागितला तर डॉक्टरला वाटतं हा दुसरीकडे चाललाय. मागणीचं पत्र मी लिहिलं. तुमच्या बाबांनी त्यातली 'आपला विश्वासू आणि आज्ञाधारक' या अर्थाची तीन वाक्यं काढली, म्हणाले ती बाई घाबरेल. मग सही केली आणि पत्र फॅक्सने गेलं. मूळ फिल्म पोस्टाने यायला तीन आठवडे, पण प्रत फॅक्सने लगेच पाठवते, असं तिने कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराचा निरोप आला. मी एकटीच गेले, कारण तुमचे बाबा तुम्हाला घेऊन तळ्यावर गेले होते. यंत्रातून कागद सरकत सरकत बाहेर येत होता आणि तो वरपासून खालपर्यंत काळा होता. कोळशाने सारवल्यासारखा. एक्स-रे फॅक्सने पाठवला की हे होतं, हे ना त्या बाईला सुचलं ना मला.

दुकानदाराने कागद उलटा करून बघितला, मग सुलटा. "काकू, तिकडे लाईट गेलेली का?"

"तो दात आहे."

"एवढा किडलेला?"

त्यानंतर दुसरा कागद आला. हा टाइप केलेला होता आणि स्वच्छ वाचता येत होता. मी तो तिथेच उभ्याने वाचला. दुसऱ्याच्या नावचा कागद वाचू नये हे मी वर्गात चाळीस मुलांना दर वर्षी सांगत आले, पण इंग्रजी समोर आलं की माझे डोळे थांबत नाहीत. वरचा डावा समोरचा दात, त्याबद्दल लिहिलं होतं, आमच्याकडे आला तेव्हा मेलेलाच होता. रूट कॅनल आणि कॅप भारतात, पेशंटच्या सांगण्यानुसार वयाच्या पंधराव्या वर्षी. आधीचे कागद आणायला दोनदा सांगितलं, पेशंटने आणले नाहीत.

पंधराव्या वर्षी. मी दुकानातल्या स्टुलावर बसले.

हे तुम्हाला कळण्यासाठी आठ वर्षं मागे जायला हवं. तुमच्या आईला बघायला आपट्याची माणसं आमच्याकडे आली होती. मी माझ्या परीने तयारी केली होती. मुलाची पदवी, उंची, चष्म्याचा नंबर, सगळं विचारलं, आणि ते विचारताना मला जरा आगाऊपणाच वाटत होता. विहीणबाईंना मुळीच वाटत नव्हता. त्यांनी तुमच्या आईला चालायला लावलं, पेपर वाचायला लावला, मग पोह्यांची बशी खाली ठेवून म्हणाल्या, "मुलगी छान आहे हो. दात तेवढा एक जरा पुढे आहे. आमच्याकडे बाई सगळ्यांची बत्तिशी एका रांगेत." आणि तुमच्या बाबांच्या तोंडाकडे त्यांनी अशा अभिमानाने बघितलं की आम्हीही बघितलं. हसले ते. सुरेख हसले. लग्नानंतरही त्या दाताचा विषय निघायचाच. बारशाला निघाला. तुला पहिला दात आला तेव्हा निघाला: "बघू, आईवर गेलाय का?"

मी दोन्ही कागद घेऊन घरी आले. तुमची आई कैऱ्या किसत होती. मी टाइप केलेला कागद तिच्यापुढे धरला. तिने एक नजर टाकली आणि किसणं चालू ठेवलं.

"तुला माहीत होतं?"

"लग्नानंतर महिन्याभरात कळलं. चॉकलेट खाताना कॅप हातात आली त्याच्या."

"आणि तू आठ वर्षं बोलली नाहीस?"

"त्याच्या आईने शपथ घातलेली, सासरी सांगायचं नाही. मग त्याने मला घातली."

"आणि त्या तुझ्या दाताला नावं ठेवत राहिल्या."

"ठेवू देत की. त्या माझ्या दाताबद्दल बोलल्या की मी नुसतं ह्याच्याकडे बघायचे. त्या रात्रीची भांडी हा घासायचा." तिने कीस ताटात झटकला. "आई, अमेरिकेत भांडी घासायला बाई मिळत नाही."

मुलीला आपण काही शिकवलं नाही असं मला कधी कधी वाटायचं. ते त्या दिवशी गेलं.

तेवढ्यात बाबा तुम्हाला घेऊन आले. टेबलावरचा कागद त्यांनी पाहिला, मला पाहिलं आणि पाण्याचा तांब्या शोधायला लागले. तांब्या त्यांच्यासमोर होता.

मी म्हटलं, "जावईबापू, दात कसा पडला ते मी विचारत नाही. कुठे बसवला तेवढं सांगा. फिल्म हवी आहे."

"विहिरीवर घसरून पडलो होतो," ते म्हणाले. जे विचारलं नव्हतं त्याचं उत्तर आधी. मग तांब्या उचलून, "इथेच, आई. त्याच जिन्यावर. तेव्हा त्याचे वडील होते."

म्हणजे दादर नको होतं आणि पुणेही नको होतं. त्यांना फक्त त्या भिंतीसमोर बसायचं नव्हतं, जिच्यावर त्यांचं गाव लिहिलेलं होतं. आणि आम्ही सगळे मिळून त्यांना अमेरिकेच्या वहीत शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी आम्ही जिन्यावर हजर. डॉक्टर आल्यावर तुमच्या बाबांनी स्वतःच सांगितलं, "माझं गाव आपटा." डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी जिन्याकडे बघितलं. त्याने आपट्याची सगळ्यात खालची, पिवळी पडलेली वही काढली आणि तुमच्या बाबांना आत घेतलं. मीही उठले.

"बाई, तुम्ही बाहेर बसा."

"अरे, मी त्यांची सासू आहे."

"म्हणूनच. कागद पेशंटचा असतो."

मी त्याला आठवीत जास्त वेळ उभं करायला हवं होतं. पण थोरल्या, तो म्हणत होता ते बरोबर होतं, आणि हे तू लक्षात ठेव. तुझा कागद तुझा असतो, तो मागायला लाजू नये आणि तू दिल्याशिवाय तो आजीनेही वाचू नये. हे मी त्या बाकावर बसून शिकले, साठी ओलांडल्यावर.

शेजारी चिरनेरची एक म्हातारी गाल धरून बसली होती. मी दारापाशी जाऊन कान लावते आहे असं तिला वाटलं, आणि ते खरंच होतं.

"बाय, आमचा नंबर हाय आधी. तुमचा नाय."

"मला दात नाही दाखवायचा. माझे जावई आत आहेत."

"त्यांचा दात दुखतोय आनि तुमी कशाला फिरताय?" ती म्हणाली. "बसा. काढला तर वरडल, आयकू येल."

कुणी ओरडलं नाही. पाव तासाने दार उघडलं. डॉक्टरच्या एका हातात नवी फिल्म होती आणि दुसऱ्या हातात जुनी, करड्या पाकिटातून काढलेली, कडेला तपकिरी झालेली. दोन्हींत मुळाच्या टोकाशी तोच डाग, तेवढाच. वीस वर्षांत डाळीची अर्धी डाळही वाढली नव्हती. ठणका होता तो हलत्या कॅपखाली हिरडी सुजल्यामुळे.

"दात काढायचा नाही," डॉक्टर म्हणाला. "कॅप नवीन करू."

तुमच्या बाबांनी हात तोंडावरून काढला. मग जुन्या पानाची नक्कल मागून घेतली आणि ती जिन्यातच मला दिली. "वाचा, आई. कालपासून तुम्हाला झोप नसेल."

पान डॉक्टरच्या वडिलांच्या अक्षरात होतं. आपटा, घर, माणूस, दात. कारण: विहिरीवर पडला. मुळाशी डाग, लक्ष ठेवावे. आणि शेवटी, शेऱ्याच्या रकान्यात: मुलाच्या आईची विनंती की कुणास सांगू नये. डॉक्टरांनी ती विनंती पाळली होती, फक्त वहीत लिहून.

पुढचा आठवडा नव्या दाताच्या रंगात गेला. डॉक्टरकडे एका पट्टीवर सोळा खोटे दात लावलेले होते, पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत. तुमच्या बाबांनी सगळ्यात पांढऱ्यावर बोट ठेवलं. डॉक्टर म्हणाला, हा लावला तर शेजारचे दात पान खाणाऱ्याचे वाटतील. तुमची आई म्हणाली, चहाचा रंग घ्या, चहा तर सोडणार नाही हा. शेवटी पोह्यांच्या रंगाचा ठरला. माप मुंबईच्या लॅबला गेलं, पाच दिवसांनी दात आला, बसला. डॉक्टरने सांगितलं, एक महिना समोरच्या दाताने कडक काही तोडायचं नाही.

आणि दोन दिवसांनी धोंड्याचं जेवण होतं. आपट्याच्या आजी एसटीने आल्या, एका पिशवीत फणसाचे गरे आणि दुसऱ्या पिशवीत सूचना घेऊन. पुरणात जायफळ कमी आहे हे त्यांनी पातेल्यावर झाकण असताना ओळखलं. त्या येण्याआधी आठवडाभर मी एक वाक्य तयार करत होते. मराठीतच, कारण इंग्रजीत बोलले असते तर त्यांना लागलं नसतं. त्या 'बत्तिशी' म्हणाल्या की मी ते म्हणणार होते.

पानं वाढली. तुमच्या बाबांसमोर अनारशांचं ताट आलं. रीत म्हणून एक तरी सगळ्यांसमोर खायचा. त्यांनी अनारसा घेतला, त्याचे बारीक तुकडे केले आणि एकेक तुकडा गालाच्या बाजूने आत सरकवायला लागले.

"असा काय उंदरासारखा खातोस?" त्यांची आई म्हणाली.

"नवीन कॅप बसवली आहे, आई. समोरच्या दाताला. जुनी हलत होती."

सगळे थांबले. आपट्याच्या आजींनी माझ्याकडे बघितलं. मी तुमच्या आजोबांच्या भातावर तूप वाढत होते, ते वाढतच राहिले. आजोबा म्हणाले, "अगं, भात दिसेनासा झाला."

जेवण झाल्यावर त्या स्वयंपाकघरात आल्या. मी डबे लावत होते. त्यांनी दार लोटून घेतलं.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"अमेरिकेने."

त्या पाटावर बसल्या. मला वाटलं आता वाक्य म्हणायची वेळ झाली. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "तो विहिरीवर नाही पडला."

"वहीत तसं लिहिलंय."

"मी सांगितलं तसं लिहिलं त्यांनी. सहामाहीत इंग्रजीत नापास झाला होता. प्रगतिपुस्तकावर माझी सही त्यानेच केली आणि माझ्यासमोर उभा राहून खोटं बोलला. मी ताक करत होते. रवी फेकली." त्या पदराच्या टोकाला गाठ मारत होत्या आणि सोडत होत्या. "नेम नव्हता हो धरला. माझा नेम आयुष्यात कधी बसला नाही. त्या दिवशी बसला. दाताचा तुकडा ओल्या फडक्यात धरून एसटीने आणलं त्याला इथे. डॉक्टरांना सांगितलं पडला. घरी सांगितलं पडला. त्यानेही तेच सांगितलं, मी न शिकवता. मग लग्नाच्या वेळी कुणी विचारलं असतं की कसा पडला, तर? म्हणून दात पडलाच नाही असं ठरवून टाकलं."

"आणि माझ्या मुलीच्या दातामागे का लागलात?"

"दुसऱ्याच्या दाताकडे लोक बघत राहिले की आपल्याकडे कोण बघतंय?"

एवढं सरळ उत्तर मला त्यांच्याकडून कधी मिळालं नव्हतं. माझं वाक्य मला आठवत होतं, पूर्ण आठवत होतं, आजही आठवतं. पण वीस वर्षं मुलाने दाताबद्दल विचारलेल्या प्रत्येकाला विहीर सांगितली होती, बायकोलाही, मलाही. ते बघता माझं वाक्य फारच हलकं होतं. मी म्हटलं, "बरं झालं विहीणबाई, त्या दिवशी ताक करत होतात. वाटण वाटत असतात तर वरवंटा होता हातात."

त्या आधी माझ्याकडे बघत राहिल्या, मग हसल्या. तोंड उघडून हसल्या, आणि मला पहिल्यांदा दिसलं की त्यांच्या डाव्या बाजूच्या दोन दाढा नव्हत्या.

"तुमची बत्तिशी?" मी विचारलं.

"त्या केव्हाच गेल्या. त्याच वहीत आहेत," त्या म्हणाल्या. "आता शेगडीवरून करपल्याचा वास येतोय तो बघा. काहीतरी लागतंय तुमचं."

तुमच्या आईच्या दाताचा विषय त्यानंतर निघाला नाही. त्यामुळे भांड्यांचा बंदोबस्त तिला दुसऱ्या मार्गाने करावा लागला, तो तिलाच विचारा.

ठरल्या दिवशी तुम्ही गेलात. मंगळवारी सकाळी, म्हणजे तिथल्या सोमवारी संध्याकाळी, मी फोनपाशीच बसले होते. आजोबा म्हणाले, तू जवळ बसलीस म्हणून फोन लवकर वाजत नाही. वाजला तेव्हा तिकडे तुमचे बाबा होते.

"कसं झालं?"

"झालं, आई. जागा मिळाली."

"आणि दात?"

"सगळा वेळ दिवे घालवून ठेवले होते," ते म्हणाले. "सगळे पडद्याकडे बघत होते. माझ्याकडे कुणी बघितलंच नाही."

आवाजावरून मला वाटलं, त्यांना त्याचं थोडं वाईटच वाटलं होतं.